उष्ट्या वाद्याची विक्री

वस्तू हातावेगळी करण्याच्या क्रियेला मराठीत एकच शब्द नाही. जमीन विकली जाते, भांडे गहाण पडते, दागिना मोडला जातो आणि जुने लोखंड भंगारात निघते. या क्रियापदांतील भेद केवळ व्यवहाराच्या तपशिलाचा नाही. वस्तूचे कोणते अंग मूल्यवान मानले गेले, याचा निवाडा त्या प्रत्येकात दडलेला असतो. गहाणात वस्तू परत येण्याचे आश्वासन शिल्लक राहते. विक्रीत वस्तू आपल्या रूपानिशी दुसऱ्याच्या स्वाधीन होते. मोडण्यात तिचे रूप नाहीसे होऊन केवळ द्रव्य उरते. जुन्या वाद्याची विक्री ही या तिन्ही शक्यतांच्या सीमेवर घडणारी घटना आहे. वाद्य एकाच वेळी द्रव्य असते, कारागिराने दिलेले रूप असते आणि कुणाच्या तरी हातांनी वा ओठांनी त्यातून काढलेल्या नादाची स्मृतीही असते. वाद्य वाजत असेपर्यंत ही तिन्ही अंगे एकत्र नांदतात. विक्रीच्या क्षणी ती सुटी होतात आणि त्यांपैकी कशाची किंमत करावयाची, हे ठरवणे भाग पडते. कृती, कर्ता आणि आस्वादक यांच्या परस्परसंबंधांविषयी साहित्यविचाराने जे प्रश्न तात्त्विक पातळीवर उपस्थित केले, ते येथे रोकड्या भाषेत विचारले जातात आणि त्यांना आकड्यात उत्तर द्यावे लागते.

सर्वच वाद्यांच्या बाबतीत हे खरे असले, तरी फुंकून वाजवण्याच्या वाद्यांच्या बाबतीत त्याला एक वेगळी धार आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग केले. पहिल्या तिन्ही वर्गांत वादकाचा हात काम करतो. सुषिर वाद्यात त्याचा श्वास आत शिरतो. तसे होण्यासाठी वाद्य तोंडाला लावावे लागते. म्हणजेच ते उष्टे होते. 'उष्टे' या शब्दाला मराठी मनात परस्परविरोधी अशी दोन टोके आहेत. एका टोकाला विटाळ आहे, तर दुसऱ्या टोकाला शबरीची बोरे आहेत. भागवतातील गोपी कृष्णाच्या ओठांचे अमृत पिणाऱ्या वेणूचा हेवा करतात. त्यांच्या लेखी वेणूचे उष्टेपण हेच तिचे भाग्य असते. ज्या संस्कृतीने हा हेवा कल्पिला, त्याच संस्कृतीने सनईवादनाचे काम गुरव, घडशी, होलार यांसारख्या ठरावीक जातींकडे सोपवले. मंगलकार्याला सनई हवी, पण ती वाजवणारा बहुधा मांडवाच्या कडेलाच बसलेला असायचा. देवाचे उष्टे वंद्य आणि माणसाचे उष्टे जातीनुसार वर्ज्य, अशी ही व्यवस्था होती. फुंकवाद्य जेव्हा एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे पैशाच्या मोबदल्यात जाते, तेव्हा या दोन टोकांपैकी कोणते टोक पुढे येते, हा प्रश्न म्हणूनच केवळ संगीताचा राहत नाही.

या दृष्टीने १९९४ साली लंडनमध्ये झालेली एका सॅक्सोफोनची विक्री विचारात घेण्यासारखी आहे. सॅक्सोफोन हे वाद्य अडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ मध्ये पॅरिस येथे आपल्या नावे नोंदवले. ते पितळेचे असते, तरीही पाश्चात्त्य वर्गीकरणात त्याची गणना काष्ठवाद्यांत होते. त्याचा नाद क्लॅरिनेटप्रमाणे रीडच्या कंपनातून निर्माण होतो, हे त्याचे कारण. वर्गनाम लाकडाचे, देह धातूचा आणि निकष मात्र श्वास कोणत्या रीतीने नादात रूपांतरित होतो याचा, अशी ही मौजेची स्थिती आहे. लंडनमध्ये विकल्या गेलेल्या वाद्याने तिच्यात आणखी एक भर घातली होती. ते लाकडाचे नव्हते आणि त्याचा मुख्य देह पितळेचाही नव्हता. तो अॅक्रिलिक प्लास्टिकचा होता. लंडनमध्ये स्थायिक झालेले इटालियन कारागीर हेक्टर सोमारुगा यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत या वाद्याची रचना केली आणि १९५० पासून ते 'ग्राफ्टन' या नावाने बाजारात आले. साच्यात ओतलेल्या, सायीच्या रंगाच्या नळीवर धातूच्या चाव्या बसवलेल्या असत. त्याची किंमत सुमारे ५५ पौंड, म्हणजे पितळी सॅक्सोफोनच्या जवळपास निम्मी होती. पितळी वाद्य ज्यांना परवडत नाही, अशांसाठी ते होते. प्लास्टिक ठिसूळ असल्याने ते सहज तडकत असे आणि त्याच्या चाव्यांची व स्प्रिंगांची योजना नेहमीच्या वाद्यांहून वेगळी असल्याने दुरुस्ती करणारेही त्याला हात लावण्यास नाखूश असत. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचे उत्पादन थांबले आणि साचे भंगारात गेले. त्याचे दुर्मीळपण हे असे, अपयशातून आलेले आहे.

अशा वाद्याला त्याचे पुढील भाग्य चार्ली पार्कर यांच्यामुळे लाभले. १९२० साली कॅन्सस सिटीत जन्मलेले पार्कर हे १९४०च्या दशकात जॅझ संगीताला 'बीबॉप' नावाचे नवे वळण देणाऱ्यांपैकी प्रमुख वादक. १५ मे १९५३ रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच यांच्या समवेत त्यांनी जी मैफल केली, तिच्यात त्यांच्या ओठी हे प्लास्टिकचे वाद्य होते. त्यांचे नेहमीचे पितळी वाद्य त्या वेळी गहाण पडलेले होते, अशी कथा सांगितली जाते. ती तपशिलात कितपत खरी आहे हे सोडून दिले, तरी ती विश्वसनीय वाटते, ही गोष्टच बोलकी आहे. व्यसनाने आणि अस्थिर मिळकतीने ग्रासलेल्या वादकाच्या आयुष्यात सावकाराचे दुकान हे वाद्याचे दुसरे घर असते. मराठीत 'फुंकणे' या क्रियापदाने वाद्यही वाजते आणि घरदारही संपते. पार्कर यांच्या चरित्रात या दोन्ही अर्थांमध्ये अंतर फारसे राहिले नव्हते. त्याच रात्री शिकागो येथे रॉकी मार्सियानो आणि जर्सी जो वॉलकॉट यांच्यात मुष्टियुद्धाच्या जागतिक अजिंक्यपदाची लढत होती. त्यामुळे मॅसी हॉल भरला नाही. पुढे जॅझच्या इतिहासात ज्या मैफलीला अनन्य स्थान मिळाले, ती रिकाम्या खुर्च्यांसमोर आणि स्वस्तातल्या वाद्यावर झाली.

या मैफलीची ध्वनिमुद्रिका मिंगस आणि रोच यांच्या स्वतःच्या कंपनीने काढली, तेव्हा एक अडचण उभी राहिली. पार्कर हे दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध होते, त्यामुळे त्यांचे नाव छापता येत नव्हते. त्यांच्या जागी 'चार्ली चॅन' असे नाव घालण्यात आले. हे त्या काळातील एका लोकप्रिय काल्पनिक गुप्तहेराचे नाव होते आणि पार्कर यांच्या सहचरीचे नावही चॅन हेच होते. वादन ऐकणाऱ्या कुणालाही वादक ओळखण्यास अडचण नव्हती. नाव दडवूनही कर्ता लपला नाही, कारण त्याची सही स्वरातच होती. मिशेल फूको यांनी १९६९ साली 'लेखक म्हणजे काय?' या व्याख्यानात लेखकाचे नाव हे साध्या व्यक्तिनामासारखे काम करीत नाही, ते लेखनाच्या एका समूहाला एकत्र बांधते, वेगळे काढते आणि त्याचे अभिसरण नियंत्रित करते, असे प्रतिपादन केले. मॅसी हॉलच्या ध्वनिमुद्रिकेत या कार्याची विभागणी झालेली दिसते. कायद्याच्या दृष्टीने नाव कंपनीचे, ऐकणाऱ्याच्या दृष्टीने स्वर पार्कर यांचे. इतकेच नव्हे, तर मूळ मुद्रणात बास पुरेसा ऐकू येत नाही म्हणून मिंगस यांनी आपला भाग नंतर पुन्हा वाजवून त्यावर चढवला. म्हणजे त्या रात्रीचा 'अस्सल' दस्तऐवज म्हणून जे ऐकले जाते, तेही नंतर केलेले एक संस्करण आहे.

पार्कर यांचा मृत्यू १२ मार्च १९५५ रोजी न्यूयॉर्क येथे, वयाच्या चौतिसाव्या वर्षी झाला. चॅन त्यांच्याबरोबर १९५० पासून राहत होत्या आणि त्यांच्या मुलांच्या आई होत्या, परंतु त्यांचा विवाह विधिवत झालेला नव्हता. कायद्याने पत्नीपद दुसऱ्या स्त्रीकडे होते. कॅन्सस सिटीत आपल्याला पुरू नये, असे पार्कर यांनी चॅन यांना सांगितले होते. तरी त्यांच्या देहाचा निर्णय करण्याचा अधिकार चॅन यांना नव्हता आणि दफन कॅन्सस सिटीजवळच झाले. पुढे चॅन फ्रान्समध्ये राहिल्या. पार्कर यांच्या काही वस्तू मात्र त्यांच्याकडे राहिल्या आणि त्यांत ग्राफ्टन होते. ज्या नात्याची नोंद कोणत्याही दप्तरात नव्हती, त्या नात्याचा पुरावा म्हणून या वस्तू उरल्या. सप्टेंबर १९९४ मध्ये ख्रिस्टीज या लिलावगृहामार्फत त्यांनी त्या विकल्या. ग्राफ्टनला ९३,५०० पौंड मिळाले. घेणारे होते कॅन्सस सिटीचे महापौर इमॅन्युएल क्लीव्हर. १९९७ साली त्या शहरात उघडलेल्या जॅझ संग्रहालयात ते वाद्य काचेआड ठेवण्यात आले. चॅन यांना जे शहर आपल्या माणसासाठी नको होते, त्याच शहराकडे आधी देह आणि एकोणचाळीस वर्षांनी वाद्य गेले. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी निर्णय त्यांचा होता आणि शहराला किंमत मोजावी लागली.

या व्यवहाराकडे पाहताना विधवेने आठवण विकली, असा एक भावुक आक्षेप सहज सुचतो. तो टिकणारा नाही. वस्तू बाळगण्याचा नैतिक भार नेहमी मागे राहिलेल्या स्त्रीवर टाकला जातो आणि तिच्या निर्वाहाचा प्रश्न मात्र कुणाच्या आठवणीत नसतो. खरा प्रश्न विकणाऱ्याचा नाही, विकल्या गेलेल्या गोष्टीचा आहे. १९५० साली ५५ पौंडांना मिळणारे वाद्य ९३,५०० पौंडांना गेले, म्हणजे आकडा बरोबर १,७०० पटींनी वाढला. चलनाच्या मूल्यात झालेली घट वजा केली, तरी जी प्रचंड वाढ उरते ती प्लास्टिकची नाही आणि सोमारुगा यांच्या रचनेचीही नाही. त्याच साच्यातून निघालेली इतर ग्राफ्टन वाद्ये याच्या अल्पांशाने विकली जातात. वॉल्टर बेंजामिन यांनी यांत्रिक पुनर्निर्मितीच्या युगातील कलाकृतीविषयी १९३६ साली लिहिताना असे सुचवले होते, की प्रतिकृतींच्या रेट्यात कलाकृतीभोवतीचे एकमेवत्वाचे वलय क्षीण होते. येथे उलट घडले. साच्यातून निघालेल्या, स्वभावतःच प्रतिकृती असलेल्या वस्तूभोवती वलय निर्माण झाले. ते कारागिरीतून आले नाही, विधीतून आले नाही. ते ओठांतून आले. नेमके बोलायचे तर त्या नळीचे उष्टेपण विकले गेले.

हे उष्टेपण कुणाचे होते, याचाही विचार करणे आवश्यक आहे. पार्कर यांच्या हयातीत अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या माणसाने गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या नळाला तोंड लावू नये, असा कायद्याचा दंडक होता. नागरी हक्कांचा कायदा झाला तो १९६४ साली, पार्कर यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनी. ज्या तोंडाचा स्पर्श पाण्याच्या नळाला बाटवणारा मानला गेला, त्याच तोंडाचा स्पर्श चार दशकांनी प्लास्टिकच्या नळीची किंमत सतराशे पटींनी वाढवतो. महाराष्ट्रातील वाचकाला हा उलटफेर समजावून सांगण्याची गरज नाही. शबरीची बोरे आणि गावातला वेगळा पाणवठा यांचे सहअस्तित्व त्याने पाहिलेले आहे. त्यामुळे या विक्रीत न्यायाचा एक अंश आहे, हे मान्य करावे लागते. घेणारे महापौर स्वतः कृष्णवर्णीय होते आणि वाद्य पार्कर ज्या वस्तीत वाढले तिथल्या संग्रहालयात गेले. पण हा न्याय मरणोत्तर आहे. श्वास थांबल्यानंतरच श्वासाचा स्पर्श निर्मळ ठरतो, अशी त्याची अट दिसते.

विकल्या गेलेल्या वस्तूंच्या यादीत एक गोष्ट कधीच नसते. ती म्हणजे रीड. सॅक्सोफोनची रीड ही बोरूसारख्या पोकळ दांड्याच्या गवतापासून कापलेली पातळ पट्टी. वादक ती ओठांत भिजवतो, माउथपीसवर बांधतो, काही दिवस वा आठवडे वाजवतो आणि ती निकामी झाली की टाकून देतो. सॅक्सोफोनमध्ये प्रत्यक्ष कंप पावते ती हीच पट्टी. नळी त्या कंपाला आकार आणि उंची देते, परंतु नादाचा उगम रीड आणि श्वास यांच्या भेटीत असतो. सनईच्या टोकाशी असलेल्या पत्तीचीही हीच गोष्ट. म्हणजे जिथे वाद्य खऱ्या अर्थाने उष्टे असते, तो भाग नाशवंत आणि म्हणून अविक्रेय असतो. विकले जाते ते श्वासाने सोडून दिलेले घर. आणखी एक गोष्ट या संदर्भात नोंदवण्यासारखी आहे. पार्कर यांचे आल्टो सॅक्सोफोन हे स्वरांतर करणारे वाद्य आहे. वादकाने कागदावरचा 'सी' वाजवला, की ऐकणाऱ्याला 'ई फ्लॅट' ऐकू येतो. चॅन यांनी आपल्या आत्मचरित्राच्या शीर्षकात आपले आयुष्य 'ई फ्लॅट'मधले आहे असे म्हटले, त्याला हा संदर्भ आहे. लिलावाची नोंदही काहीशी अशीच असते. तीत लिहिलेले असते वाद्याचे नाव, निर्मात्याचे नाव, क्रमांक आणि स्थिती; घेणाऱ्याला ऐकू येते ते दुसरेच काही.

या विक्रीच्या शेजारी भारतातील एक घटना ठेवली, म्हणजे प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. शहनाईला मैफलीच्या व्यासपीठावर प्रतिष्ठा मिळवून देणारे उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचे २१ ऑगस्ट २००६ रोजी निधन झाले. २००१ साली त्यांना भारतरत्न हा किताब देण्यात आला होता. डिसेंबर २०१६ मध्ये वाराणसीतील घरातून त्यांच्या पाच शहनाया चोरीस गेल्याची तक्रार झाली. त्यांतील चार चांदीच्या होत्या. जानेवारी २०१७ मध्ये तपास लागला, तेव्हा पोलिसांनी सांगितले ते असे, की शहनाया सराफांना १७,००० रुपयांना विकण्यात आल्या आणि चांदी वितळवली गेली. वितळलेल्या चांदीचा गोळा पुरावा म्हणून हस्तगत झाला. विक्रीच्या रूढ अर्थाने ही विक्री नव्हेच. मराठीत त्याला दागिना मोडणे म्हणतात. पार्कर यांच्या वाद्यात द्रव्याला शून्य किंमत होती आणि नावाला सारी. खाँसाहेबांच्या वाद्यांत नावाला शून्य किंमत ठरली आणि द्रव्याला सारी. ज्या देशात त्यांचे नाव सर्वोच्च नागरी सन्मानाने गौरवले गेले, त्या देशात त्यांचे उष्टे तराजूत तोलले गेले.

या दोन घटनांतून पश्चिमेला वारसा कळतो आणि आपल्याला कळत नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. लाकडी शहनाईचा दर्जा चांदीच्या शहनाईला वादनात नसतो. अशी वाद्ये बहुधा मानाची भेट म्हणून येतात. गौरव करणाऱ्यांनीच गौरवाचे माप म्हणून धातू निवडला, आणि चोराने ते माप शब्दशः घेतले, असेही या घटनेचे वाचन संभवते. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८६ साली संपादित केलेल्या वस्तूंच्या सामाजिक जीवनावरील ग्रंथात इगॉर कोपिटॉफ यांनी वस्तूलाही चरित्र असते, असा विचार मांडला आहे. वस्तू काही काळ विक्रेय असते, मग कुणाची तरी होऊन बाजारातून बाहेर पडते आणि पुन्हा केव्हातरी बाजारात येऊ शकते. बाजार वस्तूंना समान करतो. माणसे त्यांना वेगळे करतात. ग्राफ्टन आणि शहनाया यांच्या चरित्रांत हे दोन्ही दिसते. पण या दोन्ही चरित्रांच्या अखेरीत एक साम्य आहे आणि ते भेदापेक्षा महत्त्वाचे आहे. काच आणि भट्टी यांत जतन आणि नाश इतके अंतर असले, तरी वादकाच्या ओठांपासून वाद्य दोन्ही ठिकाणी दूर गेले.

तिसऱ्या प्रकारची विक्री या दोहोंच्या मध्ये, कोणत्याही वृत्तपत्रात न येता, सतत चालू असते. ती वादकाने वादकाला केलेली विक्री. १९५४ साली लॉस एंजेलिसमध्ये ऑर्नेट कोलमन यांनीही ग्राफ्टनच घेतले होते, आणि तेही प्रामुख्याने पितळी वाद्य परवडत नव्हते म्हणून. १९५९ सालच्या ज्या ध्वनिमुद्रिकेने जॅझची रूढ चौकट मोडली, तिच्यात हेच स्वस्तातले प्लास्टिक आहे. वादकांच्या बाजारालाही आपल्या श्रद्धा आहेत. १९५४ मध्ये आलेल्या सेल्मर मार्क सिक्स या फ्रेंच सॅक्सोफोनचे आरंभीचे क्रमांक अधिक मोलाचे मानले जातात आणि मूळ लाखेचा थर झिजलेला असला, तरी नव्याने चढवलेल्या थरापेक्षा त्याला अधिक किंमत येते. येथेही झीज ही खूण म्हणून वाचली जाते. तथापि या बाजारात शेवटचा निकष वाजवून पाहणे हाच असतो. व्हायोलिनसारखी तंतुवाद्ये शतकानुशतके टिकतात, कारण त्यांच्या तारा नव्या स्वरमानाला लावता येतात. फुंकवाद्याची भोके एकदा पडली की पडली. ब्रिटनमध्ये पूर्वी प्रचलित असलेल्या उंच स्वरमानासाठी बांधलेली उत्तम क्लॅरिनेटे १९३९ साली लंडन येथे ४४० कंपनांचे आंतरराष्ट्रीय प्रमाण स्वीकारले गेल्यानंतर इतर वाद्यांबरोबर वाजवण्यास निरुपयोगी झाली. लाकूड तडकते, आतली पोकळी बदलते. त्यामुळे जुने फुंकवाद्य विकणारा वादक एक मर्यादित आयुष्य विकत असतो आणि घेणाऱ्यालाही ते ठाऊक असते.

मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत अनेक वर्षे सॅक्सोफोन, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजवणाऱ्यांत गोव्याहून आलेले वादक मोठ्या संख्येने होते. लक्षावधी लोकांनी त्यांचे स्वर ऐकले, परंतु ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर वा पडद्यावर त्यांची नावे सहसा आली नाहीत. १९८०च्या दशकापासून सिंथेसायझर आणि नव्या ध्वनिमुद्रणतंत्राने मोठ्या वाद्यवृंदांची गरज कमी केली, तेव्हा ही वाद्येही पेट्यांत गेली. पार्कर यांचे नाव एका ध्वनिमुद्रिकेवरून कराराच्या अडचणीमुळे गळले. या वादकांची नावे रिवाजाने गळली. साहजिकच त्यांच्या वाद्यांच्या विक्रीत उष्टेपणाला किंमत नाही. कोणत्या गाण्याच्या कोणत्या तुकड्यात ही नळी वाजली होती, याचा दाखला देणारा कागद नसेल, तर ते केवळ एक जुने वाद्य असते. उष्टेपणाचे मूल्य हे म्हणजे नावाचे मूल्य आहे आणि नावाचे मूल्य नोंदीचे. जिथे नोंद नाही, तिथे श्वास कितीही मोठा असला तरी बाजाराला तो ऐकू येत नाही. चॅन यांच्याजवळ विवाहाची नोंद नव्हती, पण वाद्याला नाव होते. या वादकांपाशी वाद्य होते, नाव नव्हते.

सारे जग व्यासांचे उच्छिष्ट आहे, असे एक जुने संस्कृत वचन आहे. वाङ्मयीन परंपरेचा हा सिद्धान्त उष्टे या कल्पनेच्या तिसऱ्या अर्थावर उभा आहे. येथे उष्टे विटाळही नाही आणि संग्रहणीय अवशेषही नाही. ते पुढच्यांचे अन्न आहे. पार्कर यांच्यानंतर आल्टो सॅक्सोफोन हाती घेणाऱ्या जवळपास प्रत्येक वादकाने त्यांचे स्वरसमूह आपल्या तोंडात घोळवले, त्यांतून काही टाकले, काही पचवले. हे उष्टे विकत घ्यावे लागले नाही आणि कुणाच्या ताब्यातही राहिले नाही. मॅसी हॉलच्या ध्वनिमुद्रिकेवर नाव नसतानाही ते पोहोचले. कराराने ते थांबले नाही. संग्रहालयातील प्लास्टिकच्या नळीत ते नाही आणि सराफाच्या भट्टीत ते वितळू शकले नाही. कर्त्याचे नाव, द्रव्याचे वजन आणि परंपरेत मुरलेला श्वास या तीन गोष्टींचा व्यवहार तीन वेगळ्या ठिकाणी होतो आणि त्यांपैकी पहिल्या दोहोंनाच पावती मिळते.

याचा अर्थ वाद्ये विकू नयेत, असा मात्र होत नाही. दसऱ्याला पूजा करून वर्षभर फडक्यात गुंडाळून ठेवलेली सनई घरात राहते एवढेच. पत्ती वाळून जाते आणि वाजवणारा उरत नाही. संग्रहालयाने ग्राफ्टन घेतले नसते, तर ते एखाद्या पोटमाळ्यावर तडकून गेले असते, हेही खरे. जतनाला किंमत मोजावी लागते आणि ती मोजणाऱ्याविषयी तुच्छता बाळगण्याचे कारण नाही. परंतु विकणाऱ्यापुढे जेव्हा निवड असते, तेव्हा तिच्यात एक नैतिक अंग असते आणि ते किमतीच्या आकड्यात मावत नाही. नाव विकत घेणारा वाद्याचे उष्टेपण गोठवतो. धातू विकत घेणारा ते पुसून टाकतो. वाजवण्यासाठी घेणारा माउथपीस धुतो, नवी रीड भिजवून बांधतो आणि आपले तोंड लावतो. पहिल्याचे उष्टे त्यामुळे नाहीसे होत नाही. त्याच्या बोटांनी झिजवलेल्या चाव्यांवर दुसऱ्याची बोटे बसतात आणि आधीच्या झिजेतून काही शिकतात. विक्रीच्या कागदावर या अधिकाराचा उल्लेख नसतो. तरीही जुने फुंकवाद्य विकताना विकणारा माणूस जे देऊ शकतो, त्यात पुन्हा उष्टे करण्याचा हा अधिकारच सर्वांत मोठा आहे, आणि तो फुकट द्यावा लागतो.